तिला विचारा तरी

गाणाऱ्या बाईच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : मुलंबाळं सांभाळून हे सगळं कसं जमवता? तबलजीला किंवा सतारवादकाला, घरी दोन लहान मुलं असली तरी, तो कुणी विचारत नाही. प्रश्न आपुलकीचाच असतो. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की जमवायचं ते तिनं एकटीनं. मला आज बोलायचं आहे ते इतरांनी काय जमवायला हवं याबद्दल. म्हणजे आयोजकांनी आणि तुम्ही-आम्ही मिळून चालवतो त्या मैफलींच्या व्यवस्थेनं.

आधी शरीराचं बोलते, कारण आपल्याकडे त्याविषयी फारच कमी बोललं जातं. गाणं दमसासावर चालतं. शेवटच्या तीन महिन्यांत पोट वर चढतं, श्वासपटलाला खाली उतरायला जागा उरत नाही आणि एका श्वासात पुरी होणारी तान मध्येच तुटते. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात. सिझेरियन झालं असेल, तर टाके भरेपर्यंत पोटातून जोर लावताच येत नाही. वर रात्रीची जागरणं, आणि मांडी घालून तास-दीड तास बसणं. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा तंबोरा जुळवून बसले तेव्हा षड्ज लागला, टिकला मात्र नाही. पुढे कितीतरी दिवस, बाळ झोपलं की मी नुसता मंद्र सप्तकात स्वर लावत असे. पलटे नाहीत, ताना नाहीत. आवाज परत आला आणि खालचे स्वर पूर्वीपेक्षा भरीव होऊन आले. सगळ्यांचं असंच होईल असं नाही. पण हे मोकळेपणानं सांगायला हवं, कारण गाणाऱ्या तरुण मुलींना कुणी काही सांगत नाही आणि पहिल्या तुटलेल्या तानेलाच त्या हाय खातात.

शरीर थांबवतं ते काही महिने. कारकीर्द थांबते ती त्यानंतर, आणि तिला थांबवणारे हात फार प्रेमळ असतात. 'तिचं बाळ लहान आहे, कशाला तिला त्रास?' असं म्हणून कार्यक्रमपत्रिकेत दुसरं नाव जातं. यात कुणाच्या मनात काळंबेरं नसतं. पण निर्णय तिचा आणि तो घेतात दुसरेच, तोही तिला न विचारता. दोन हंगाम नाव दिसलं नाही, की रसिक म्हणतात, तिनं गाणं सोडलं वाटतं. नोकरदार बाईला 1961च्या प्रसूती लाभ कायद्यानं संरक्षण दिलं. 2017च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. रजा संपली की ती आपल्या जागेवर परत जाते. बिदागीवर जगणारीला पगार नाही, रजा नाही, आणि परत जायला जागाही नाही.

मोगूबाई कुर्डीकर आठवा. 1904मध्ये गोव्यातल्या कुर्डी गावी जन्म, अल्लादियाखाँसाहेबांची तालीम. पती लवकर गेले, पदरात तीन मुलं, आणि घर चालायचं ते गाण्यावर. थोरल्या किशोरीला त्यांनी स्वतः तालीम दिली, मैफलींना मागे तंबोऱ्यावर बसवलं. आईला मिळणारी अपुरी बिदागी, उतरायला हॉटेलऐवजी कुणाचं तरी घर, हे सगळं त्या मुलीनं पाहिलं आणि पुढे मुलाखतींतून सांगितलंही. किशोरीताई स्वतः गाऊ लागल्यावर बिदागी, व्यवस्था, शांतता यांविषयी अटी घालत, तेव्हा लोक त्यांना लहरी म्हणत. मला त्या अटींत आईचा अपमान विसरू न शकलेली मुलगी दिसते. आज आम्ही ज्या थोड्याफार मानानं बाहेरगावी जातो, त्याची किंमत त्या दोघींनी मोजलेली आहे.

माणिक वर्मांचं उदाहरण वेगळं. त्यांना चार मुली. राणी वर्मा गाण्यात आल्या, भारती आचरेकर आणि वंदना गुप्ते रंगभूमीवर. ख्याल, ठुमरी, नाट्यपद, भावगीत असं सगळं माणिकताई गायल्या. माझा आपला अंदाज असा, की आकाशवाणी आणि ध्वनिमुद्रिका यांचा आईपणाला मोठा आधार होता. स्टुडिओतलं काम काही तासांत आटोपतं आणि रात्री मुलांजवळ पोचता येतं. बाहेरगावची मैफल दोन-तीन दिवस खाते.

रात्रभराच्या मैफली गेल्याची हळहळ मलाही वाटते. उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करायला लावणारे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आले आणि मालकंस, दरबारी निवांत ऐकण्याची वेळच आक्रसली. पण तान्ह्या बाळाची आई म्हणून सांगते, त्या दहाच्या ठोक्यानं माझ्यासारख्या अनेकींचं गाणं चालू राहिलं.

या सभागृहात संगीत मंडळांचे कार्यकर्ते बसलेले मला दिसतात, म्हणून थोडं व्यवहाराचं बोलते. तारीख ठरवण्याआधी तिला फोन करा. नाही म्हणायचं असेल तर ती म्हणेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. बाळाला सांभाळायला आई, सासू, नवरा, बहीण, जे कुणी बरोबर येईल, त्यांचं भाडं तबलजी-पेटीवाल्यांच्या भाड्यासारखंच अंदाजपत्रकात धरा. रंगमंचाजवळ दार लावता येईल अशी एक खोली ठेवा, म्हणजे मध्यंतरात तिला बाळाला पाजता येईल. सकाळच्या मैफली वाढवा. त्या निमित्तानं तोडी आणि देशकार तरी ऐकायला मिळतील, एरवी संध्याकाळच्या कार्यक्रमांत त्यांना कुठली जागा? आणि बिदागी ठरवताना, 'आता ती पूर्वीसारखी फिरत नाही' म्हणून आकडा खाली आणू नका.