घरात कोणते यंत्र घ्यावे?



आज आपण फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप या तीन यंत्रांविषयी बोलू. धानाचे चुकारे हाती आले, की आपल्या आसगावात हा प्रश्न घरोघर निघतो. पोरगा म्हणतो, नवा फोन घ्या. पोरगी म्हणते, लॅपटॉप घ्या. दुकानदार म्हणतो, दोन्ही घ्या, हप्ते पाडून देतो. बाप बिचारा हातातल्या पैशाकडे पाहतो.

तेव्हा आधी किंमत धानात मोजू. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साध्या धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. बारा हजारांचा फोन म्हणजे पाच क्विंटल धान. पस्तीस हजारांचा लॅपटॉप म्हणजे पंधरा क्विंटल धान. चाळीस किलोचा कट्टा धरला, तर सदतीस कट्टे झाले. एवढे कट्टे डोळ्यांपुढे आणा आणि मग दुकानाची पायरी चढा.

ही तिन्ही यंत्रे एकाच जातीची आहेत. तिन्ही संगणकच. विळा आणि कुऱ्हाड दोन्ही लोखंडाचीच असतात. म्हणून कोणी विळ्याने लाकूड फोडत नाही. येथेही तसेच आहे. आधी काम पाहावे.

शेतकऱ्याचे काम कोणते? पहिले काम पीक पाहणीचे. आपल्या पिकाची नोंद आपणच करायची, ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. त्यासाठी बांधीवर जावे लागते. तेथे उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. आपण कोठे उभे आहोत, हे फोनला उपग्रहांच्या खुणेवरून कळते. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसली, तर आधारभूत केंद्रावर धान विकताना अडते. हे काम लॅपटॉप करीत नाही. तो काखेत मारून चिखलात कोण जाणार!

दुसरे काम पैशाचे. पैसे देण्याघेण्याची यूपीआय ही सोय २०१६ साली आली. ती बँकेत नोंदलेल्या सिमकार्डाला बांधलेली असते. सिम ज्या फोनात, त्याच फोनात ती सुरू होते. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून फोनवर उतरवता येतो. विजेचे बिल फोनवर भरता येते. म्हणून आमचे मत असे, की घरात पहिले यंत्र फोनच हवे. मात्र तो फार महाग नको. या कामांना पाच क्विंटलांचा फोन पुरतो. वीस क्विंटलांचा फोन घेतला, म्हणून सातबाऱ्यावर जमीन वाढत नाही.

आजीसाठी तर तेवढाही नको. तिचा बटणांचा फोन तिला ओळखीचा असतो. त्या फोनावरूनही पैसे देण्याची सोय मार्च २०२२ पासून झाली आहे.

फोनाचा आणखी एक गुण आपल्या वर्गातल्या मंडळींना उपयोगी आहे. त्याच्याशी मराठीत बोलले, की तो बोललेले लिहून देतो. पण लिहिलेले वाचून घ्यावे. आडनावात एक काना चुकला, तर पुढे कागदपत्रात त्रास होतो. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा ही तपासणी दुसऱ्यावर सोडू नका.

आता फोनाची उणी बाजू. त्याचा पडदा तळहाताएवढा. मोठा अर्ज त्यावर उघडला, की एका वेळी दोन-तीन रकानेच दिसतात. वरचे वाचावे तर खालचे दडते. अशा वेळी माणूस घाईने 'मान्य आहे' यावर बोट ठेवतो. काय मान्य केले, ते त्याला पुढे कळते.

आमच्या ओळखीच्या एका घरी असे झाले. घरात फोन एकच. बापाला पीक पाहणीसाठी तो बांधीवर न्यायचा होता. त्याच दिवशी पोरीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख होती. सकाळी फोन बापाने नेला. संध्याकाळी तो पोरीच्या हाती आला, तेव्हा त्याची बॅटरी उतरलेली. पोरीने रात्री अकरापर्यंत अर्ज भरला. दाखल्यांचे फोटो ठरलेल्या मापात बसेनात. कसाबसा अर्ज गेला. पुढच्या चुकाऱ्याच्या वेळी बाप आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, पैसा एक अन् मांगणारे दोन. पोराले नवा फोन पाहिजे, पोरीले लॅपटॉप. काय करावं?"

आम्ही विचारले, "पोराचा जुना फोन चालतो काय?"

"चालते तं! फक्त फोटो चांगले येत नाही म्हणते."

"आणि पोरगी काय शिकते?"

"बी.कॉम. दुसरं वर्ष."

मग यात विचारायचे काय उरले? पोरीला हिशेबाचे तक्ते मांडायचे असतात. पंधरा-वीस पानांचे लेखन करायचे असते. ते अंगठ्याने होत नाही. त्याला दहा बोटे लागतात. लिपिकाच्या सरकारी नोकरीला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्दांचे किंवा इंग्रजी ४० शब्दांचे मागतात. २०२३ साली तलाठी भरतीची परीक्षा झाली, तीही संगणकावर. ज्याने जन्मात माऊस धरला नाही, त्याचा अर्धा जीव तेथे बाण हलविण्यातच जातो. आम्ही सांगितले, यंदा पोरीचा लॅपटॉप. पोरगा आमच्यावर पंधरा दिवस रुसला होता. रुसू द्या. पोरगी परक्याचे धन, तिच्यावर खर्च कशाला, असे म्हणणारे लोक अजून गावात आहेत. ते हे बोलणे फोनावर बोलतात, एवढाच फरक पडला आहे.

मराठी टंकलेखन अवघड नाही. इनस्क्रिप्ट नावाची अक्षरांची एक मांडणी आहे. तिच्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. बाराखडी ज्याला आली, त्याला ही मांडणी थोड्या सरावाने बसते.

राहिला टॅबलेट. टॅबलेट म्हणजे पाटी. २०११ च्या ऑक्टोबरात दिल्लीस सरकारने 'आकाश' नावाची स्वस्त पाटी विद्यार्थ्यांसाठी काढली, तेव्हा तिचा मोठा गाजावाजा झाला. पडदा सात इंची होता, पण तो जोराने दाबावा लागे आणि यंत्र फार मंद चाले. स्वस्त म्हणून घेतलेल्या मंद पाटीचे आजही तेच होते. ती फळीवर जाते. चांगली पाटी वाचायला, धडे पाहायला छान. म्हाताऱ्या डोळ्यांना मोठे अक्षर मिळते. पण लिहिण्याचे काम तिच्यावर रेटत नाही. आणि बिनसिमची पाटी घेतली, तर तिच्यावर यूपीआय सुरू होणार नाही. आमच्या मते शेतकऱ्याच्या घरी पाटीचा नंबर शेवटचा.

लॅपटॉप घ्यायचा तर हलका घ्यावा. सव्वा ते दीड किलोचा असावा. पोरीला तो एस.टी.त दप्तरात घालून पवनीला न्यायचा असतो. इंटरनेटसाठी वेगळा खर्च नको. फोनातले इंटरनेट लॅपटॉपला देता येते, त्याला हॉटस्पॉट म्हणतात. विजेचीही भीती नको. एका युनिटात फोन सुमारे चाळीस वेळा भरतो आणि हलका लॅपटॉप पंधराएक वेळा. वीज गेली, तरी तो काही तास चालतो.

दुकानात दोन शब्द विचारावे. एक रॅम. रॅम म्हणजे काम मांडायचे टेबल. ते ८ जीबीचे तरी असावे. हलक्या लॅपटॉपात रॅम बहुधा पक्की जोडलेली असते, मागाहून वाढत नाही. दुसरा शब्द एसएसडी. ही सामान ठेवायची पेटी. तिच्यामुळे यंत्र लवकर उघडते.

नवा झेपत नसेल, तर जुना घेण्यात कमीपणा नाही. त्या बापानेही जुनाच घेतला. पण एक पाहावे. विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून नेहमी मिळणाऱ्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही. ती यंत्रे म्हणूनच स्वस्तात निघत आहेत. दुकानदाराला विंडोज ११ चालू करून दाखवायला सांगा. चार्जर काढून यंत्र अर्धा तास तेथेच चालवा, म्हणजे बॅटरी कळेल. एकेक बटण दाबून पाहा. आणि छापील बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यावर यंत्राचा क्रमांक लिहिलेला आहे का, तो यंत्रामागच्या क्रमांकाशी जुळतो का, हे तुम्ही स्वतः वाचून पाहा.