घरचा पट, घरचे नियम



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो बोनस, महागाईभत्ता आणि कामगार कायदे यांवरच बोलणार, असे धरून श्रोते येतात. आजचा विषय वाचून काही मंडळींनी पत्रिकेत छपाईची चूक झाली काय, अशी चौकशी केल्याचे चालकांनी आम्हांला सांगितले. छपाई बरोबर आहे. मुलांना घेऊन घरच्या घरी पट आखावेत, सोंगट्या कराव्यात आणि नवे खेळ रचावेत, याविषयीच आम्ही बोलणार आहोत. आमची शाळा सातवीत सुटली. तेव्हा बालमानसशास्त्राचा आधार देण्याचा आमचा अधिकार नाही. पण नियम कसे होतात, ते कोण करतो आणि ते मोडले तर काय होते, हा आमचा गेल्या तीस वर्षांचा धंदा आहे. आणि खेळात तरी दुसरे काय असते?

साहित्याला पैसा लागत नाही. सध्या लग्नसराई आहे, घरोघर पत्रिकांचा ढीग पडला असेल. त्यांच्या कागदासारखा टणक कागद दुकानात विकत घ्यावा लागतो. इथे तो अक्षता पडल्या की फुकट. पटाला चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा, चिकटवायला कणकेची खळ, सोंगट्यांना शर्टाची बटणे, बाटल्यांची बुचे, फुटक्या बांगड्यांचे तुकडे. कवड्या नसतील तर चिंचोके आहेत. खरबरीत दगडावर चिंचोका एका बाजूने घासला की ती बाजू पांढरी होते, दुसरी काळी राहते. चार चिंचोके घासायला मुलांना अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास घरात शांतता असते. हा लाभ आयांनी लक्षात घ्यावा.

सुरुवात चल्लस-आठने करावी. आडवी पाच, उभी पाच अशी पंचवीस घरे. चारही कडांच्या मधल्या घरांवर आणि केंद्रावर फुली. कडेची सोळा घरे एका दिशेने फिरायची, आतली आठ उलट दिशेने, आणि मग मधले घर. फुलीवरची सोंगटी मरत नाही. जितक्या कवड्या उताण्या तितके दान, आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ. आता मुलांना विचारावे, सर्वांत मोठे दान पालथ्यालाच का? चार कवड्या सोळा तऱ्हांनी पडू शकतात. त्यांतल्या सहा तऱ्हांत दोन उताण्या, चारांत एक, चारांत तीन. आणि सगळ्या उताण्या किंवा सगळ्या पालथ्या एकेकाच तऱ्हेत. अर्थात कवडी काही नाण्यासारखी सारखी नसते, आणि हाताने घासलेला चिंचोका तर नाहीच. म्हणून शंभर वेळा टाकून पाटीवर रेघा ओढाव्यात. आपल्याच चिंचोक्याची खोड मुलाला कळते, आणि हिशेब व अनुभव यांत अंतर का पडते, हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो.

पण खरी मौज पुढे आहे. शेजारची मुले खेळायला आली की पहिले भांडण नियमांचे. एका घरी तोड केल्याशिवाय, म्हणजे दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय, आतल्या घरांत शिरता येत नाही. दुसऱ्या घरी ही अट माहीतच नसते. खोक्यातून विकत आणलेल्या खेळात नियमाचा कागद बरोबर येतो आणि वाद मिटतो. इथे कागद नाही. मुलांना बसून ठरवावे लागते. ज्याला वेगळा नियम हवा त्याने तो डाव सुरू होण्यापूर्वी मांडायचा, हरायला लागल्यावर नाही, एवढी गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाला दोन दिवसांत उमगते. वाटाघाटीच्या मेजापलीकडे बसणाऱ्या काही मोठ्या माणसांना ती वीस वर्षांत उमगलेली आम्ही पाहिली नाही.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गिरणीत टाळेबंदी झाली. ही टाळेबंदी साथीची नव्हे, मालकाची. पुरुष फाटकावर बसलेले, बाया मिळेल त्या कामाला गेलेल्या, म्हणून दुपारी मुले युनियनच्या कचेरीत येऊन बसत. जुन्या पोस्टरांच्या कोऱ्या पाठी होत्या, चिंचोके होते. मुलांनी एक पट आखला आणि त्याला 'महिना' हे नाव दिले. तीस घरे, तीस तारखा. दहाव्या घरावर पगार. बाकीच्या घरांवर दूध, गॅस, दुकानदाराची वही, शाळेची फी, आजीचे औषध, गणपतीची वर्गणी. आम्ही त्यात एक अक्षर घातले नव्हते. आठ ते बारा वर्षांच्या पोरांना घरातला सगळा हिशेब तोंडपाठ होता. आईबाप समजत होते की पोरांना काही कळत नाही.

खेळ सुरू झाला आणि विसाव्या घरापर्यंत सगळ्यांचे चिंचोके संपले. पुन्हा मांडला, पुन्हा तेच. तिसाव्या घराला कोणीच पोहोचेना. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मध्ये भिशी ठेवा. पगाराच्या घरावर प्रत्येकाने दोन टाकायचे, ज्याचे संपतील त्याने उचलायचे." एका मुलाने हरकत घेतली, "माझं दान चांगलं पडतं. मी का भरू?" हा प्रश्न आम्ही मोठ्यांच्या सभांतही ऐकला आहे, इतक्या प्रामाणिकपणे मात्र कोणी विचारलेला नाही. दोन दिवस वाद चालला. शेवटी एक डाव भिशीचा आणि एक बिनभिशीचा, असे आलटून पालटून खेळायचे ठरले. भिशीच्या डावात बहुतेक जण तिसाव्या घराला लागत. मग नवा तंटा: एकाने दोनदा उचलले. त्यावर परतफेडीचा नियम झाला. हरकत घेणारा मुलगा अखेरपर्यंत आपल्या मतावर ठाम होता. पण नियम लिहिण्याचे काम त्यानेच केले, कारण अक्षर त्याचे चांगले होते.

असा प्रयोग फार पूर्वी अमेरिकेत झालेला आहे. एलिझाबेथ मॅगी या लघुलेखिकेने 'जमीनदाराचा खेळ' रचला आणि १९०४ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्याच पटासाठी तिने नियमांचे दोन संच दिले. एकात जागेचे भाडे मालकाच्या खिशात जाई, आणि एकजण गबर होऊन बाकीचे बुडेपर्यंत खेळ चाले. दुसऱ्यात जमिनीचे भाडे सार्वजनिक खजिन्यात जाई. पट तोच, घरे तीच, फासे तेच. नियम बदलला की शेवट बदले. लोक हा खेळ कापडावर हाताने काढून, आपापल्या गावच्या रस्त्यांची नावे घालून खेळत. अशाच एका घरगुती पटावरून चार्ल्स डॅरो याने आपला खेळ बेतला आणि १९३५ साली तो एका कंपनीला विकला. तोच 'मोनॉपली'. डॅरो श्रीमंत झाला. मॅगीबाईंना पेटंटचे पाचशे डॉलर मिळाले. जगभर खपला तो पहिल्या संचाचाच वारसा, दुसरा मागे पडला. आपल्याकडच्या घराघरांतला 'व्यापार' याच कुळातला. मुले मुंबई विकत घेतात आणि भाडे वसूल करतात. भाडे असेच का, हे विचारायची सोय खोक्यात नाही.

मोबाइलवर तर नियम दिसतही नाहीत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेने बंदीचा कायदा केला, त्याआधी पगाराच्या पगार रमीत घालवलेली तरुण पोरे आमच्याकडे येत. पाने कोण वाटतो, असे विचारले की ती गप्प बसत. चिंचोका निदान स्वतः घासलेला असतो.

आईबापांना एवढेच सांगायचे की मुलांचा नियम वेडगळ वाटला तरी मध्ये पडू नये. वेडगळ नियमाने खेळ अडतो, आणि अडला की मुलेच तो बदलतात. मदत हवी असेल तर घरातल्या आजीकडे जावे. तिला पट आखता येतो, हे पुष्कळ घरांत कोणी विचारलेलेच नसते. तिच्या माहेरी आठ पडल्यावर पुन्हा दान मिळत असे की नाही, तेही विचारून घ्यावे. आमच्या घरी मिळत असे. पण सभागृहात या बाबतीत एकमत होईलसे वाटत नाही.