पोर्ट काढायचे राहिले



परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे गावोगावचे रुग्ण येतात. कित्येकांचे नातलग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. आम्ही लालबागचे, तरी चुकलो.

आमच्या वहिनींना केमोथेरपीसाठी छातीवर, कातडीखाली 'पोर्ट' बसवले होते. नाण्याएवढी डबी, तिची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत. हाताच्या शिरा वाचल्या. उपचार संपले, आम्ही पेढे वाटले आणि डबी आतच राहिली! "काढले की आजार परत येईल," ही वहिनींची भीती. बँकेत पै-पैचा हिशेब जुळवणारे आम्ही, घरातली ही नोंद विसरलो.

पोर्ट वापरात नसले तरी ठरावीक आठवड्यांनी औषधी पाण्याने धुवावे लागते. नाहीतर रक्त गोठून नळी तुंबू शकते. जंतूंचा धोका तर पोर्ट आत असेपर्यंत असतोच. वहिनींना थंडी वाजून ताप आला. आम्ही मलेरिया समजून चार दिवस घालवले. दोष पोर्टमध्ये निघाला. जीवावरचे दुखणे थोडक्यात टळले.

एरवी पोर्ट काढणे म्हणजे बहुधा जागा बधिर करून अर्ध्या-पाऊण तासाचे काम. आजार उलटण्याचा संभव असला तर डॉक्टर ते मुद्दाम ठेवतातही. तो निर्णय त्यांचा.

तेव्हा शेवटच्या सलाईनच्या दिवशीच विचारा : पोर्ट कधी काढायचे? तोवर धुवायचे कुठे? ताप आल्यास फोन कोणाला? उत्तरे फाईलवर लिहून घ्या. गावचे तिकीट नंतर काढा.