शोध आधी सांगावा की आधी नोंदवावा?



आपल्या मुलाने काही नवे यंत्र तयार केले की ते प्रदर्शनात मांडावे, वर्तमानपत्रात त्याचे नाव छापून यावे, असे कोणत्या आईबापांना वाटणार नाही? परंतु पेटंटचा कायदा येथे एक प्रश्न विचारतो. अर्जाच्या तारखेपूर्वी ही गोष्ट लोकांना उपलब्ध होती काय? असेल, तर ती ‘प्रायर आर्ट’, म्हणजे पूर्वज्ञात ज्ञान, ठरते व पेटंट मिळत नाही. ती खुद्द संशोधकानेच जाहीर केली असली तरी सामान्यतः तोच न्याय.

हा नियम वाईट मुळीच नाही. हळदीने जखम भरते, यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले.

आता दुसरी बाजू पाहा. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाचे जनुक दुसऱ्या जीवात बसविण्याची पद्धत शोधली. निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये छापला गेला. पेटंटचा विचार मागाहून सुचला. अर्ज ४ नोव्हेंबर १९७४ रोजी दाखल झाला, तेव्हा वर्ष पुरे व्हायला जेमतेम आठवडा उरला होता! तेथील कायदा संशोधकाला स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्षाची सवलत देतो, म्हणून तेथे पेटंट मिळाले आणि दोन विद्यापीठांना सुमारे २५ कोटी डॉलर मिळाले. परदेशातील हक्क मात्र निबंध छापला तेव्हाच हातचे गेले होते. युरोपात आजही अशी सर्वसाधारण सवलत नाही.

आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचे ३१ वे कलम बारा महिन्यांची मुदत देते, पण ती फार आखडती आहे. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेले प्रदर्शन, किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेला अथवा तिच्या नियतकालिकात छापलेला निबंध, यांनाच प्रामुख्याने ती लागू पडते. शाळेच्या प्रदर्शनाला हे संरक्षण आपोआप लाभत नाही. बातमीला तर नाहीच.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, शिक्षकांशी विश्वासाने अवश्य बोला. पण कल्पना खरोखरच नवी वाटत असेल तर प्रदर्शनाआधी पेटंट कार्यालयात अर्ज करा. सुरुवातीला तात्पुरता तपशील दिला तरी चालतो, संपूर्ण तपशील द्यायला पुढे बारा महिने मिळतात. मात्र जे सुरुवातीच्या कागदात लिहिलेले नाही, त्याला ती पहिली तारीख लाभत नाही, म्हणून आकृतीसह सविस्तर लिहा.