रासिंगचा डिसेंबर



अर्जेंटिनाच्या फुटबॉल लीगचा २००१ सालचा गुणतक्ता आज कुणी उघडून पाहिला, तर त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसणार नाही. पहिला रासिंग क्लब, ४२ गुण. दुसरा रिव्हर प्लेट, ४१ गुण. विजेत्यांचे सामने १९, त्यांपैकी १२ जिंकले, ६ बरोबरीत सुटले, एक हरला. त्या काळी तिथे वर्षाला दोन अजिंक्यपदं दिली जात. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतच्या स्पर्धेला ‘आपेर्तुरा’ म्हणत. वीस संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, संपलं. असे हंगाम येतात आणि जातात. हा मात्र तिथल्या लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही आणि त्याचं कारण त्या तक्त्यात कुठेच नाही.

रासिंग हा ब्युनोस आयर्सला लागून असलेल्या आवेयानेदा या कारखान्यांच्या गावातला क्लब. स्थापना १९०३. पोशाख आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचा, म्हणजे देशाच्या झेंड्याच्याच रंगांचा. १९१३ ते १९१९ अशी ओळीने सात वर्षं हा संघ देशाचा विजेता होता. तेव्हापासून त्याला ‘अकादमी’ म्हणतात. १९६७ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकला हरवून जगज्जेता ठरलेला पहिला अर्जेंटिनी क्लबही हाच. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, रासिंगने देशाची लीग जिंकली होती.

आणि मग ३५ वर्षं काहीच नाही.

काहीच नाही म्हणताना मी लीगबद्दल बोलतोय, मधे एखादा चषक मिळाला होता. पण १९८३ मध्ये हा संघ खालच्या श्रेणीत घसरला. त्या वर्षीच्या अखेरच्या सामन्यात समोर होता इंडिपेंदिएन्ते, आवेयानेदातलाच कट्टर प्रतिस्पर्धी, ज्याचं मैदान रासिंगच्या मैदानापासून काहीशे मीटरवर आहे. इंडिपेंदिएन्तेने तो सामना जिंकला आणि त्याच दिवशी तो देशाचा विजेता झाला. शेजाऱ्याच्या अंगणात गुलाल उधळला जातोय आणि आपल्या घरावर जप्ती आलीय, अशी ती अवस्था. १९६७ मध्ये इंडिपेंदिएन्तेच्या चाहत्यांनी रासिंगच्या मैदानात सात मेलेली मांजरं पुरली, म्हणून हे ग्रहण लागलं, अशी कथा आवेयानेदात आजही सांगतात. सातवं मांजर म्हणे सापडतच नव्हतं. ही कथा खरी मानायची गरज नाही. पण इतकी वर्षं हरत राहिलेल्या माणसांना कारण हवं होतं, हे समजू शकतं.

खरं कारण कर्ज होतं. ४ मार्च १९९९ रोजी, दिवाळखोरीचं काम पाहण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या लिलियाना रिपोल यांनी कॅमेऱ्यांसमोर जाहीर केलं, की रासिंग क्लब आता अस्तित्वात नाही. तीन दिवसांनी, ७ मार्चला, मैदानात सामना नव्हता. तरीही हजारो माणसं झेंडे, ढोल घेऊन आली, गॅलऱ्या भरल्या आणि रिकाम्या गवताकडे पाहत गात राहिली. फुटबॉलच्या इतिहासात मला याहून मोठी गर्दी माहीत नाही. संख्येने मोठ्या पुष्कळ झाल्या असतील. ७ मार्च हा आजही रासिंगच्या चाहत्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. क्लब कसाबसा तगला आणि २००० च्या अखेरीस तो एका खासगी कंपनीने चालवायला घेतला.

२००१ मध्ये संघाचा प्रशिक्षक होता रेनाल्दो मेर्लो. लालसर-पिवळ्या केसांमुळे सगळे त्याला ‘मोस्तासा’, म्हणजे मोहरी म्हणत. विजेतेपद मिळेल का, असं पत्रकारांनी विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर असे: एकेक पाऊल. दर आठवड्याला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. पुढे हे शब्द साऱ्या देशाच्या तोंडी झाले. संघात मोठी नावं नव्हती. बचावाचा कणा क्लाउदिओ उबेदा, गोलरक्षक गुस्ताव्हो काम्पान्युओलो, आघाडीला २२ वर्षांचा दिएगो मिलितो. आणि कोलंबियाचा हेरार्दो बेदोया, ज्याने रिव्हरविरुद्धच्या सामन्यात अगदी शेवटच्या मिनिटांत लांबून फटका मारून १-१ अशी बरोबरी साधून दिली. हिशेब करून पाहा. तो गोल झाला नसता, तर रासिंगचे ४१ आणि रिव्हरचे ४३ झाले असते.

आता शेवटची एकच फेरी उरली होती. रासिंगला वेलेझ सार्सफील्डविरुद्ध केवळ एक गुण हवा होता.

इकडे देश कोसळत होता. दहा वर्षं एक पेसो म्हणजे एक डॉलर, असं कायद्याने ठरवून ठेवलेलं होतं आणि ते आता परवडेनासं झालं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने बँकांतल्या ठेवी गोठवल्या. आपल्याच खात्यातून आठवड्याला २५० पेसोंपेक्षा जास्त रोख काढता येईना. १९ डिसेंबरला दुकानं लुटली गेली, राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ यांनी आणीबाणी पुकारली आणि त्याच रात्री माणसं घराघरांतून पातेली बडवत रस्त्यावर आली. दुसऱ्या दिवशी ब्युनोस आयर्सच्या मायो चौकात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या दोन दिवसांत देशभरात तीसहून जास्त माणसं मेली. २० डिसेंबरच्या संध्याकाळी दे ला रुआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेले. त्यांच्यानंतर आलेल्या रोद्रिगेझ सा यांनी देश परकीय कर्ज फेडणार नाही, असं जाहीर केलं. आठवड्याभरात त्यांनीही पद सोडलं.

अशा वेळी फुटबॉल बंदच पडला. पण विजेतेपदाचा निकाल ज्यांवर अवलंबून होता ते दोनच सामने २७ डिसेंबरला खेळवायचे, बाकीचे नंतर, असं ठरलं. मी यावर पुष्कळ विचार केलाय. रस्त्यावरचं रक्त वाळलेलं नसताना चेंडू खेळायचा का? ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासमोर मी या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. पण लोकांना भुलवण्यासाठी तो सामना ठेवला, हे मत मला पटत नाही. ज्यांची बचत बँकेने अडकवली, ज्यांचं सरकार पळालं, त्यांचं या देशाकडे एवढंच एक येणं उरलं होतं. तेही पुढच्या वर्षावर टाकणं मला क्रूर वाटतं. शिवाय या माणसांचा क्लब देशाच्या दोन वर्षं आधीच बुडाला होता. आपलं अस्तित्व संपल्याचं कुणी जाहीर केलं, तरी मैदानावर हजर राहायचं असतं, हे त्यांना माहीत होतं.

सामना लिनिएर्स भागात, वेलेझच्या मैदानावर. तिथे जागा पुरणार नव्हती, म्हणून ज्यांना तिकीट मिळालं नाही ती माणसं आवेयानेदात स्वतःच्या मैदानात जमली आणि मोठ्या पडद्यावर सामना पाहू लागली. एका सामन्यासाठी एकाच क्लबच्या माणसांनी दोन मैदानं भरली. मध्यंतरानंतर बचावपटू गाब्रिएल लोएश्बोरने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. पुढे वेलेझने बरोबरी केली. रिव्हर आपल्या मैदानावर रोसारिओ सेंत्रालला ६-१ असं चिरडत होता. एक चूक झाली असती तर निकाल लांबला असता. झाली नाही. १-१.

त्या रात्री कित्येक जण झेंडे घेऊन थेट दफनभूमीत गेले, असं सांगतात. ३५ वर्षांत वाट पाहून गेलेल्या बापांना आणि आजोबांना ही बातमी द्यायची राहिली होती.

विजेतेपदाने क्लबचं कर्ज फिटलं नाही. चालवायला घेतलेली ती कंपनीसुद्धा २००८ मध्ये बुडाली आणि क्लब पुन्हा सभासदांच्या हाती आला. निवडणुका होऊ लागल्या. पुढचं लीग विजेतेपद २०१४ मध्ये मिळालं. मधल्या काळात दिएगो मिलितो युरोपात जाऊन इंटर मिलानसाठी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात दोन गोल करून आला होता. २०१४ च्या संघात तो ३५ वर्षांचा होता, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये सभासदांनी मतदान करून त्यालाच क्लबचा अध्यक्ष केलं.