गीताची भाषा कोणती?



आपले गाणे परक्यांच्या दरबारात न्यायचे झाले, तर ते कोणत्या भाषेत न्यावे? हा प्रश्न आज एका हंगेरियन गीताच्या निमित्ताने मी आपल्यापुढे मांडणार आहे.

युरोपात १९५६ सालापासून ‘युरोव्हिजन’ नावाची गीतस्पर्धा भरते. प्रत्येक देशाने एक गीत पाठवावे, ते तीन मिनिटांत संपावे, आणि कोणी स्वतःच्या देशाला गुण देऊ नयेत, असा तिचा शिरस्ता. १९६६ साली नियम झाला की, गीत आपल्या देशाच्याच भाषेत हवे. पुढे तो काही वर्षे शिथिल झाला, पुन्हा लागू झाला, आणि १९९९ साली कायमचा उठला. मोकळीक सर्व भाषांना मिळाली. पण तिचा लाभ झाला एकट्या इंग्रजीला! १९९९ ते २०१३ ह्या पंधरा वर्षांत पहिल्या आलेल्या गीतांत इंग्रजीचा स्पर्शही नसलेले गीत एकच, २००७ सालचे सर्बियाचे.

अशा काळात, २०१३ साली, हंगेरीने स्वीडनमधील माल्म्यो येथे ‘केद्वेशेम’ हे गीत आपल्याच भाषेत पाठविले. गायकाचे नाव बायअ‍ॅलेक्स. गीत ‘इंडी पॉप’ वळणाचे, म्हणजे भपक्यापासून दूर, घरगुती चालीचे. डोक्यावर विणलेली टोपी, स्वर खालचा, बोलल्यासारखा. हंगेरियनचे गोत्र इंग्रजी वा जर्मनशी मुळीच जुळत नाही. तिचे दूरचे आप्त म्हणजे फिनलंड व एस्टोनियाच्या भाषा. तरीही त्या गीताला ८४ गुण व दहावा क्रमांक मिळाला. जर्मनीने तर त्यालाच आपले सर्वाधिक बारा गुण दिले.

कोणी म्हणेल, “दहावाच ना? पहिला तर नव्हे!” आक्षेप योग्य आहे. इतकेच नव्हे, तर २०१४ साली हंगेरीने इंग्रजी गीत पाठविले आणि पाचवा क्रमांक मिळविला. तेव्हा केवळ गुणांची बेरीज करू लागलो, तर स्वभाषेचा पक्ष लंगडा पडेल, हे मी प्रांजळपणे मान्य करतो.

परंतु प्रश्न केवळ गुणांचा नाही. ‘केद्वेश’ म्हणजे प्रिय, आणि शेवटचा ‘एम’ हा प्रत्यय म्हणजे ‘माझे’पण. हंगेरियनमध्ये व्याकरणाचे लिंग नाही. ‘तो’ आणि ‘ती’ ह्यांना सर्वनामही एकच. म्हणून हा शब्द सख्यालाही चालतो आणि सखीलाही. मराठीत मात्र ‘माझा’ की ‘माझी’ हे आधी ठरवावे लागते. इंग्रजीत तो भेद टळेल, पण आपलेपणा प्रियाच्या पुढे वेगळा शब्द होऊन उभा राहील. हंगेरियनात तो त्याच शब्दात मुरलेला असतो. अर्थ भाषांतरात जाईल. ही जवळीक कशी जाणार?

इंग्रजीत गाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याला जे इंग्रजीत सुचते, त्याने ते खुशाल इंग्रजीत गावे. मात्र समजेल की नाही ह्या धास्तीने आपली भाषा टाकू नये. श्रोत्याला शब्द कळला नाही, तरी गाणारा मनापासून बोलतो आहे की नाही, हे कळते. माल्म्योच्या त्या रात्रीने एवढे तरी दाखवून दिले.