गुडघ्यातील कूर्चा आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्यविषयक चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, म्हणून गुडघेदुखीचा घरोघरचा विषय मी निवडला आहे. आपले सोलापूर हे कष्टकऱ्यांचे शहर. यंत्रमागावर तासन् तास उभे राहणारे बांधव, मांडी घालून विड्या वळणाऱ्या भगिनी, तालमीत घुमणारे तरुण, या सर्वांचा भार गुडघाच वाहतो.

मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्या दरम्यान अर्धचंद्राकृती अशा दोन कूर्चा असतात. गादीप्रमाणे त्या भार विभागून घेतात. तरुणाचा पाय जमिनीत रोवलेला असता गुडघ्याला पीळ बसला, तर धडधाकट कूर्चा एकाएकी फाटते. उतारवयात मात्र ती जुन्या धोतराप्रमाणे विरत जाते. हिसक्याने फाटलेले नवे वस्त्र आणि वापराने विरलेले जुने वस्त्र, यांना एकच उपाय कसा लागू पडावा?

निदानाचा आरंभ रोग्याच्या हकिकतीपासून होतो. पीळ केव्हा बसला, सूज केव्हा आली, गुडघा मध्येच अडकतो काय, हे प्रथम विचारावयाचे. नंतर सांध्याच्या रेषेवर दाबून दुखरी जागा शोधावयाची, आणि गुडघा वाकवून, पाऊल फिरवून, लिव्हरपूलचे शल्यविशारद मॅकमरे यांच्या नावाने ओळखली जाणारी परीक्षा करावयाची. क्ष-किरणांच्या साध्या चित्रात कूर्चा दिसत नाही, ती एम. आर. आय. चित्रात दिसते.

परंतु सावधगिरी हवी ती येथेच. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ व्यक्तींची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांची कूर्चा फाटलेली आढळली, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना मागील महिन्यात गुडघ्याचे दुखणे वा ताठरपणा मुळीच जाणवला नव्हता! म्हणजे चित्रात दिसणारी फाट हीच वेदनेचे कारण असेल, असे नव्हे. फिनलंडमध्ये कूर्चा विरलेल्या १४६ रोग्यांपैकी काहींवर खरी शस्त्रक्रिया व काहींवर केवळ तिचा देखावा करण्यात आला. वर्षअखेर उभयतांस सारखाच आराम पडला, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. शिवाय काढलेली कूर्चा परत येत नाही. संपूर्ण कूर्चा काढल्यावर सांध्यात कोणते फेरफार होतात, ते फेअरबँक यांनी १९४८ सालीच दाखविले होते.

मग शस्त्रक्रिया केव्हा करावी? फाटलेला तुकडा सांध्यात अडकून गुडघा सरळच होईनासा झाला, तर विलंब करू नये. तरुणाची कूर्चा बाहेरच्या कडेस फाटली असल्यास तेथे रक्तपुरवठा असल्यामुळे टाका घालून ती सांधता येते. अशा वेळी मालिशीत महिने दवडणे हानिकारक होय. इतरांनी प्रथम सुमारे तीन महिने मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम करावा, वजन आटोक्यात ठेवावे व उकिडवे बसणे टाळावे.

दागिने गहाण टाकण्यापूर्वी वैद्यास एवढेच विचारावे: ‘ही कूर्चा फाटली आहे की विरली आहे? आणि शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल?’ या प्रश्नांचा राग सुज्ञ वैद्यास येत नाही.